रनिंग कमी, वय जास्त

जुन्या मोटरसायकलींच्या बाजारात एका शब्दाची मोठी गंमत झाली आहे. इंग्लंड-अमेरिकेत जाहिरातीत ‘लो मायलेज’ असं लिहिलं की गिऱ्हाईक धावत येतं. आपल्याकडे तेच लिहिलं तर गिऱ्हाईक पळून जाईल. कारण तिकडे मायलेज म्हणजे गाडी आजवर किती मैल चालली, आणि इकडे मायलेज म्हणजे एका लिटरमध्ये किती किलोमीटर देते. गाडी किती चालली हे सांगायला आपण वेगळाच शब्द काढला: रनिंग. ‘सिंगल ओनर, रनिंग फक्त ६०००, शोरूम कंडिशन.’ ही ओळ मोबाइलवर वाचली नाही असा पंचविशीतला माणूस सापडणं अवघड.

पहिल्या पगारातून किंवा साठवलेल्या पैशांतून सेकंडहँड गाडी घेणाऱ्याला हा ६००० चा आकडा फार मोठा दिलासा वाटतो. वय सहा वर्षं, पण चालली कुठे? म्हणजे जवळजवळ नवीच की! हा हिशोब अर्धा बरोबर आहे. उरलेला अर्धा गाडीच्या सीटखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेल्या पुस्तिकेत असतो. त्या पुस्तिकेत सर्व्हिसिंगचा एक तक्ता असतो, आणि बहुतेक वेळा तो कुणी उघडून पाहिलेला नसतो. मीटरवरच्या आकड्यावर आपला एवढा विश्वास का बसला आणि हा तक्ता आपल्या नजरेतून का सुटला, याला एक इतिहास आहे.

खडे मोजणारी गाडी

अंतर मोजायचं यंत्र मोटरपेक्षा कितीतरी जुनं आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियस याने आपल्या ग्रंथात अशा एका गाडीचं वर्णन केलं आहे. चाक ४०० वेळा फिरलं की ५००० रोमन फूट, म्हणजे एक रोमन मैल पुरा होई. मग दातेरी चाकांच्या साखळीतून एक खडा खालच्या भांड्यात टपकन पडे. मुक्कामाला पोचल्यावर खडे मोजले की झालं. प्राचीन चीनमध्ये असाच एक रथ होता. त्यावरची लाकडी बाहुली दर ‘ली’ अंतराला ढोल वाजवत असे. आपल्याकडे ईस्ट इंडिया कंपनीचे सर्वेक्षक हातात दांडी धरून एक मोठं चाक रस्त्यावरून ढकलत नेत आणि त्याच्या तबकडीवरचं अंतर वहीत उतरवून घेत.

मोटरसायकलचं मीटर याच घराण्यातलं. जुन्या गाड्यांत पुढच्या चाकाच्या हबमध्ये एक लहानसा गिअर असे. तो एक केबल फिरवी आणि त्या केबलवर मीटरमधले आकडे पुढे सरकत. केबल तुटली की मीटर बंद. गाडी मात्र चालूच. ‘केबल तुटलीये, टाकू सावकाश’ म्हणत कित्येक गाड्या महिनोन्महिने फिरल्या आणि ते किलोमीटर कुठेच नोंदले गेले नाहीत. नंतर सेन्सरवर चालणारी डिजिटल मीटरं आली. त्यातला आकडाही हवा तसा करून देणारे निघालेच.

पण फसवणुकीचा भाग बाजूला ठेवू. मीटर अगदी खरं आहे असं धरलं तरी त्याला एकच गोष्ट मोजता येते: चाक किती वेळा फिरलं. चाक फिरत नसताना काय घडलं, हे त्याला कळत नाही. व्हिट्रुव्हियसची गाडी वर्षभर गोठ्यात उभी राहिली तरी भांड्यात एकही खडा पडला नसता. लाकूड मात्र कुजलं असतं.

फिटरचं राज्य

आपल्याकडे दुचाकी आली ती परवान्यांच्या काळात. मद्रासमध्ये १९५५ साली एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि तिथे बुलेट जोडली जाऊ लागली. साठच्या दशकात म्हैसूरला जावा बनू लागली, उत्तरेत एस्कॉर्ट्सची राजदूत आली. बजाजला दुचाकी-तिचाकी बनवण्याचा परवाना १९५९ साली मिळाला. पियाजिओशी असलेला करार १९७१ मध्ये संपल्यावर आकुर्डीच्या या कंपनीने १९७२ मध्ये चेतक बाजारात आणली. किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवत होतं आणि मागणी त्याच्या कितीतरी पुढे होती. स्कूटरसाठी नंबर लावून माणसं वर्षानुवर्षं वाट पाहत. नंबर लागलेली गाडी बाहेर विकली तर किमतीच्या वर पैसे मिळत. सेकंडहँड गाडी नव्यापेक्षा महाग, असा तो काळ.

अशी मिळालेली गाडी माणूस वीस-वीस वर्षं वापरी. त्यामुळे रनिंग किती, हा प्रश्न दुय्यम होता. गाडी कुणाच्या हातात होती आणि तिचा फिटर कोण, याला जास्त महत्त्व. गाडी सतत काहीतरी मागायची. प्लग काळा झाला की काढून पॉलिश पेपरने घासायचा, कॉन्टॅक्ट पॉइंटची फट बघायची, सायलेन्सरमधला कार्बन जाळून काढायचा. सकाळी स्कूटर स्वतःच्या अंगावर तिरकी करून मग किक मारणारे वडील किंवा आजोबा बऱ्याच घरांत होते. देखभालीसाठी वेगळा तक्ता लागत नव्हता. गाडीच आपली आठवण करून द्यायची.

यात एक तांत्रिक गोष्ट दडली आहे, आणि पुढचा सगळा घोळ तिच्यातून निघतो. स्कूटर, जावा, राजदूत ही सगळी टू-स्ट्रोक इंजिनं. त्यांत ऑईल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असे. ते सिलिंडरला वंगण देई आणि पेट्रोलबरोबर जळून धूर होऊन निघून जाई. म्हणजे टाकी भरली की इंजिनात ताजं ऑईल आलंच. गिअरबॉक्सचं ऑईल वेगळं असे आणि ते अधूनमधून बदलावं लागे. पण ‘इंजिन ऑईल जुनं झालं’ ही कल्पनाच टू-स्ट्रोकवाल्याच्या डोक्यात यायचं कारण नव्हतं. जुनं व्हायला ते शिल्लकच राहत नव्हतं.

विसरून जा, म्हणणारी गाडी

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने दुचाकी उद्योगात परदेशी भागीदारीला वाट करून दिली आणि जपानी कंपन्या १०० सीसीच्या गाड्या घेऊन आल्या. टीव्हीएसबरोबर सुझुकीची एएक्स १००, एस्कॉर्ट्सबरोबर यामाहाची आरएक्स १००, बजाजबरोबर कावासाकीची केबी १००. या तिन्ही टू-स्ट्रोक. चौथी होती हिरो होंडाची सीडी १००. हरियाणातल्या धारुहेडाच्या कारखान्यातून १९८५ साली बाहेर पडलेली ही गाडी फोर-स्ट्रोक होती.

तिची जाहिरात तीन छोट्या वाक्यांची होती: फिल इट, शट इट, फर्गेट इट. टाकी भरा, झाकण लावा, विसरून जा. बजाजला तिरकी करून थकलेल्या मध्यमवर्गाला हे केवढं सुखाचं वाटलं असेल! मायलेज या शब्दाला आपल्याकडे आजचा अर्थ पक्का चिकटला, त्यात या गाडीचा वाटा मोठा आहे. फोर-स्ट्रोक इंजिन त्याच पेट्रोलमध्ये बरंच जास्त अंतर कापत होतं. गाडी विकत घेताना माणसाचा पहिला प्रश्न ‘किती देते?’ हा झाला.

पण फोर-स्ट्रोकमध्ये ऑईलचा सगळा हिशोब बदलतो. साधारण एक लिटर ऑईल इंजिनाच्या तळाशी राहतं आणि तेच तेच पुन्हा फिरत राहतं. पिस्टन, व्हॉल्व्ह, गिअर, क्लच, सगळे त्याच ऑईलमध्ये. धातूचा बारीक कीस, जळलेल्या पेट्रोलचा कचरा, हवेतली ओल, हे सगळं त्यात साठत जातं. ते आपोआप बदलत नाही. कुणीतरी खालचा बोल्ट सोडून ते बाहेर काढावं लागतं. आणि ते कधी काढायचं हे गाडी सांगत नाही. काळ्याकुट्ट ऑईलवरही ती पहिल्या किकला सुरू होते.

म्हणून पुस्तिका महत्त्वाची झाली. मागायचं बंद केलेल्या यंत्राच्या वतीने आता कागद मागणार होता. पहिल्या काही सर्व्हिसिंगची फुकट कुपनं त्यातच असत आणि वॉरंटीही त्यांच्याशी बांधलेली असे. कुपनं संपेपर्यंत लोक शोरूमला जात. कुपनं संपली की पुस्तिका कपाटात आणि गाडी कोपऱ्यावरच्या गॅरेजात. तिथला मेकॅनिक हाताने हुशार असे, पण नोंदवही ठेवत नसे. ‘विसरून जा’ हा सल्ला आपण जरा जास्तच मनावर घेतला.

दोन रकाने

आता तो तक्ता उघडून बघू. आडवे रकाने किलोमीटरचे, उभ्या यादीत गाडीचे भाग आणि प्रत्येक चौकोनात एखादं अक्षर. जपानी पद्धतीच्या तक्त्यांत ‘आय’ म्हणजे तपासा, ‘सी’ म्हणजे साफ करा, ‘आर’ म्हणजे बदला, ‘ए’ म्हणजे जुळवून घ्या, ‘एल’ म्हणजे वंगण द्या. पहिली सर्व्हिसिंग साधारण ५०० ते १००० किलोमीटरच्या दरम्यान. नवीन इंजिनाचे भाग एकमेकांवर घासून बसताना निघालेला कीस पहिल्या ऑईलमध्ये असतो, तो बाहेर काढायचा म्हणून ती इतकी लवकर. पुढची अंतरं कंपनीनुसार बदलतात. तक्ता संपला तरी काम संपत नाही. तळटीप सांगते की पुढेही याच अंतराने हेच करत राहा, आणि धुळीत किंवा पावसात चालवत असाल तर लवकर करा.

सगळ्यात महत्त्वाची ओळ मात्र किलोमीटरच्या आकड्यांजवळ बारीक अक्षरात असते. इतके किलोमीटर किंवा इतके महिने, यांतलं जे आधी येईल ते.

म्हणजे गाडीला दोन वयं आहेत. एक रस्त्यावरचं आणि एक भिंतीवरच्या कॅलेंडरचं. मीटर पहिलंच वय दाखवतं. आपल्या जाहिरातीतली गाडी घेऊ. सहा वर्षं, ६००० किलोमीटर. किलोमीटरच्या रकान्याने ती दुसऱ्या-तिसऱ्या सर्व्हिसिंगच्या उंबरठ्यावरची बाळ आहे. महिन्यांच्या रकान्याने तिचे ७२ महिने झाले आहेत.

या ७२ महिन्यांत काय घडतं ते एकेक बघू.

ब्रेक ऑईल. डिस्क ब्रेकमधलं डॉट ३ किंवा डॉट ४ ऑईल हवेतली ओल शोषून घेतं. ओल वाढली की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. म्हणूनच ते बहुधा दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात, गाडी चालो वा न चालो. सहा वर्षांत ते तीनदा बदललं जायला हवं होतं. न बदललेलं ऑईल गल्लीत काहीच जाणवू देत नाही. वरंधा किंवा आंबेनळीसारख्या घाटात सलग ब्रेक दाबत उतरताना डिस्क तापते, ऑईलमधल्या पाण्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि ब्रेकची मूठ सरळ हँडलला टेकते. तेव्हा मीटरवर ६०००च असतात.

टायर. रबर कडक होतं, बाजूला बारीक चिरा पडतात. नक्षी मात्र नव्यासारखी खोल राहते, कारण घासलीच नाही. टायरच्या कडेला चार अंकी आकडा छापलेला असतो. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. कडक झालेल्या टायरची खरी परीक्षा जुलैच्या ओल्या डांबरावर होते.

पेट्रोल. आपल्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी धरून ठेवतं. अर्धी टाकी घेऊन महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाडीत टाकीच्या आतून गंज धरतो. कोकणात आणि गोव्यात तर हमखास. कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोल सुकून चिकट थर राहतो आणि बारीक जेट बुजतात.

इंजिन. ६००० किलोमीटर भागिले सहा वर्षं, म्हणजे दिवसाला तीन किलोमीटरसुद्धा नाही. घर ते भाजीमंडई आणि परत. एवढ्यात इंजिन पुरतं तापतच नाही. आत साठलेली ओल उडून जात नाही, ती ऑईलमध्ये उतरते. बॅटरीही कधी पूर्ण चार्ज होत नाही. रोज पन्नास किलोमीटर हायवेला पळालेल्या गाडीपेक्षा हे जगणं इंजिनाला जड जातं.

शिवाय फोर्कची ऑईल सील, पेट्रोलचे पाइप, चेनवरचा गंज आणि उंदरांनी कुरतडलेली वायर. यांतलं काहीही मीटरला कळत नाही.

एवढ्या उभ्या गाड्या आल्या कुठून?

परवान्यांच्या काळात न चालवता उभी ठेवलेली गाडी परवडणारीच नव्हती. आज मात्र कमी रनिंगच्या गाड्यांची रांग लागलेली दिसते. दुचाकी स्वस्तात कर्जावर मिळू लागली, एका घरात दोन-तीन झाल्या, हे एक कारण. पण दोन तारखाही लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली २९ मार्च २०१७. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की १ एप्रिलपासून बीएस-३ गाड्या विकता येणार नाहीत. कंपन्यांकडे अशा सुमारे ८.२४ लाख गाड्या पडून होत्या आणि त्यांतल्या ६.७१ लाख दुचाकी होत्या. दोन दिवसांत हजारो रुपयांच्या सवलती जाहीर झाल्या आणि शोरूमबाहेर रांगा लागल्या. गरज होती म्हणून घेणारे त्यात होते, तसेच स्वस्त मिळतेय म्हणून घेणारेही होते.

दुसरी तारीख मार्च २०२०ची. ३१ मार्चला बीएस-४ गाड्यांची विक्री संपणार होती आणि २५ मार्चला देश बंद झाला. नव्या कोऱ्या गाड्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली गेल्या. पुढे कित्येकांचं ऑफिस घरात आलं आणि गाडी खालीच राहिली.

या तारखा खरेदी करणाऱ्यालाही उपयोगी पडतात. बीएस-६ पासून बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. त्यामुळे त्याआधीची उभी गाडी असेल तर कार्ब्युरेटर खोलून साफ करायचा खर्च धरायचा, नंतरची असेल तर पेट्रोल पंप आणि इंजेक्टर बघायचे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. त्याआधीची १५० सीसी गाडी घेताना ते असेलच असं धरून चालू नका.

कागद काय विचारतो

अमेरिकेने १९७२ साली केंद्रीय कायद्याने मीटरशी छेडछाड करायला बंदी घातली आणि गाडी विकताना मीटरवरचा आकडा लेखी द्यायला लावला. आपल्याकडे गाडी नावावर करताना फॉर्म २९ आणि ३० भरतात. त्यात गाडीचा नंबर, चॅसी नंबर, इंजिन नंबर असतो. मीटरवरचा आकडा लिहायला जागाच नाही. गाडी तीच आहे हे सरकार बघतं. ती कशी जगली हे विचारायचं काम घेणाऱ्यावर सोडलेलं आहे.

तेव्हा ते विचारायला हवं. आरसीवर उत्पादनाचा महिना असतो. तो टायरवरच्या आकड्याशी ताडून बघा. ६००० चाललेल्या गाडीचे टायर गाडीपेक्षा दोन वर्षांनी लहान निघाले, तर कारण विचारा. फूटरेस्टचं रबर, ब्रेकचं पेडल, मुठी आणि चेन-स्प्रॉकेटचे दाते मीटरच्या आकड्याशी जुळतात का बघा. इंजिन थंड असताना स्वतः सुरू करा. ‘आत्ताच गरम करून ठेवली’ असं मालक म्हणाले, तर ती थंड होईपर्यंत चहा घ्या. आणि सगळ्यात आधी, गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलेली असेल तर तिथल्या कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक भेटीची तारीख आणि त्या दिवशीचे किलोमीटर असतात. मालकांना सोबत घेऊन ती नोंद मागा. त्यात तारखांमधली अंतरं बघा. दीड-दोन वर्षांची पोकळी दिसली, तर ती गाडीच्या आयुष्यातली खरी घटना आहे.

कमी रनिंगची गाडी वाईट असते असं मुळीच नाही. तिचे पिस्टन रिंग, गिअर, बेअरिंग खरोखरच कमी झिजलेले असतात आणि त्याला किंमत आहे. पण तिच्या किमतीत आणखी एक रक्कम मिळवायला हवी: महिन्यांच्या रकान्याची थकबाकी. इंजिन ऑईल आणि फिल्टर, ब्रेक ऑईल, दोन टायर, बॅटरी, प्लग, लागलं तर फोर्क सील आणि पेट्रोलचे पाइप. ऑईल घेताना डब्यावर जासो एमए लिहिलेलं बघा. जपानी उद्योगाने १९९८ साली हे मानक आणलं, कारण मोटरसायकलचा क्लच इंजिन ऑईलमध्येच भिजलेला असतो आणि कारसाठीच्या काही ऑईलमध्ये तो सरकतो. या सगळ्याचा अंदाज ओळखीच्या मेकॅनिककडून लिहून घ्या आणि तो कागद पुढे ठेवून भाव करा. अशी बेरीज केल्यावर ३०,००० चाललेली, पण दर सर्व्हिसिंगची नोंद असलेली गाडी पुष्कळदा स्वस्त पडते.

सौदा झाल्यावर पुस्तिका मागून घ्यायला विसरू नका. हरवली असेल तर बऱ्याच कंपन्यांच्या संकेतस्थळावर ती मिळते. तक्त्याच्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, पहिल्या ऑईल बदलाची तारीख त्याच दिवशी लिहा आणि पुढच्या तारखेचा रिमाइंडर लावा. पुढे कधी ही गाडी तुम्ही विकायला काढाल, तेव्हा समोरच्याला दाखवायला तुमच्याकडे दोन्ही रकाने भरलेले असतील.